आवरलेल्या पायऱ्या

सासूबाई पायरीवरून पडल्या तेव्हा आधी त्यांनी पायरीला शिव्या दिल्या, मग त्या ओरडल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड यथावकाश जुळलं, पण गुडघ्यांनी ती संधी साधून कायमचा संप पुकारला.

आमची गल्ली खोलगट जागी आहे. वर मोठा रस्ता, बसथांबा, दवाखाना, दुकानं, खाली आम्ही. मध्ये पायऱ्या. पायऱ्या म्हणायचं आपलं. एक वीतभर उंच, तर पुढची गुडघ्याला टेकेल एवढी. प्रत्येक पायरी वेगळ्या गवंड्याने बायकोशी भांडून आल्यावर घातल्यासारखी. मधूनच पाण्याचा पाइप आडवा जातो. कठडा एका बाजूला होता, तोही खालचा अर्धाच उरलाय. बाकीचा अर्धा भंगारात कोणी विकला ते सगळ्या गल्लीला माहीत आहे, पण तो माणूस आता सज्जन झालाय, म्हणून कोणी विषय काढत नाही. मागच्या अंगाला गोदामाच्या भिंतीलगत एक वाट आहे, पण तिच्यातून मांजर जातं, आणि माणूस गेलाच तर आडवा होऊन.

पायऱ्या चढून गेलं की समोरच सासूबाईंची टपरी. बॅगांच्या चेन बसवायच्या, दप्तरांचे पट्टे शिवायचे, पर्सच्या कड्या बदलायच्या. दाभण आणि तोंड, दोन्ही सारखंच धारदार. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणते. पडल्यापासून टपरीला कुलूप लागलं होतं.

"काय मावशी, वर दिसत नाही हल्ली?" असं कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "कंटाळा आला बाबा. आयुष्यभर लोकांच्या चेनी ओढल्या. आता आराम."

आराम करणाऱ्या माणसाने दिवसभर खिडकीत बसून वरच्या रस्त्यावरून जाणारे पाय बघत बसू नये. पण हे त्यांना सांगणार कोण?

माझे मोठे दीर दुसऱ्या शहरात असतात. माणूस चांगला, फक्त प्रत्येक दुःखावर त्यांच्याकडे एखादं यंत्र असतं. ते येऊन बघून गेले आणि म्हणाले, "आईला मी नेतो. आमच्याकडे लिफ्ट आहे. मुलांच्या परीक्षा झाल्या की गाडी घेऊन येतो."

"बघू," सासूबाई म्हणाल्या.

आमच्या घरात "बघू" म्हणजे "नाही". पण हे "बघू" त्या मान खाली घालून म्हणाल्या.

सासू जाणार म्हणून सुनेला घोर लागला, हे ऐकून माझी सख्खी बहीण फोनवर हसली. हसू दे. मी घरी कपडे अल्टर करते. मी मशीनवर, सासूबाई समोर बसून जुनी शिवण उसवतात, आणि उसवता उसवता मलाही उसवतात. माझी बाही कशी चुकली, माझा रस्सा कसा पातळ झाला, माझ्या माहेरच्यांना घड्याळ कसं कळत नाही. मीही गप्प बसत नाही. भांडायला तोडीस तोड माणूस मिळायला नशीब लागतं. त्या गेल्या तर मी भांडू कोणाशी? आमच्या ह्यांच्याशी? ते पहिल्याच वाक्याला "बरं" म्हणतात.

त्याच सुमारास शहराने रोखे काढले.

हे प्रकरण आम्हाला समजावून सांगायला पालिकेची इंजिनीयरबाई शाळेच्या हॉलमध्ये आली होती. तिशीच्या आतली, खांद्याला मोठी पिशवी, आणि त्या पिशवीची चेन तुटलेली, म्हणून सेफ्टी पिन लावलेली. तिने सरळ सांगितलं. शहर लोकांकडून पैसे उसने घेतं, त्या बदल्यात त्यांना कागद देतं, ते रोखे. वीस वर्षांत ते पैसे व्याजासकट फेडायचे, आपल्या सगळ्यांच्या करातून. त्यातून रस्ते, नाले, दिवे, पायऱ्या. ज्या वस्तीची अवस्था सर्वांत वाईट, तिचं काम पहिल्या टप्प्यात.

घरी येऊन मी हे सांगितलं तर सासूबाईंनी नाक मुरडलं. "म्हणजे ऋण काढून सण. सगळ्या शहराने मिळून."

"तेच एकाने विचारलं तिला," मी म्हणाले. "ती म्हणाली, आपण घर बांधायला कर्ज काढतो, भाजी आणायला नाही. तसंच हे. या पैशातून डागडुजी करायची नाही, पगार द्यायचे नाहीत. जे आपल्या पोरांच्याही कामी येईल तेवढंच बांधायचं. कारण फेडणार तीही आहेत."

सासूबाईंनी हातातली शिवण उसवायची थांबवली. "भाजीला नाही, घराला," त्या म्हणाल्या. "शहाणी दिसते पोरगी." आणि थोड्या वेळाने, मशीनकडे बघत, "पायऱ्या पण म्हणाली का ती?"

म्हणाली होती. पाहणीला ती स्वतःच येणार होती, पुढच्या सोमवारी.

आता इथे जे झालं ते फक्त आमच्या गल्लीतच होऊ शकतं. पाहणीला माणूस येणार, म्हणजे आमच्या हिशेबी पाहुणा येणार. पाहुणा येणार म्हटल्यावर घर आवरायला नको? रविवारी सकाळी खिडकीतून पहिला हुकूम सुटला. "अरे, परकं माणूस येणार, आणि ही दशा दाखवणार का? निदान पाइप तरी नीट बांधा!"

झालं. पाइप दोरीने बांधला, वर फळी टाकली. गल्लीतल्या रंगाऱ्याने उरलेल्या चुन्यातून पायऱ्यांच्या कडा पांढऱ्याशुभ्र काढल्या. ज्या कडा तुटल्या होत्या तिथे कुणीतरी सिमेंटचे गोळे थापले. "कुणीतरी"मध्ये मीही होते, माझ्या नखांत मंगळवारपर्यंत सिमेंट होतं. आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, ते कशाचेच सेक्रेटरी नाहीत पण सगळे त्यांना सेक्रेटरी म्हणतात. त्यांनी ओळखीच्या बांधकामावरून लोखंडी नळ्या आणून तात्पुरता कठडा उभा केला आणि वर घरोघरच्या कुंड्या मागून आणून दोन्ही बाजूंना मांडल्या. संध्याकाळी आम्ही सगळे खाली उभे राहून वर बघत होतो. गल्ली अशी कधी दिसलीच नव्हती.

सोमवारी इंजिनीयरबाई आली. कठड्याला हात लावत चढली, फळीवरून टेचात गेली, कुंड्या बघून म्हणाली, "किती छान ठेवलंय तुम्ही!" सेक्रेटरींची छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण मला शिवायला आलं. तिने टॅबवर काहीतरी टिपलं, पाणी पिऊन गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

पंधरवड्याने पहिल्या टप्प्याची कामं जाहीर झाली. आमच्या पायऱ्या त्यात नव्हत्या. शेरा होता: स्थिती समाधानकारक, किरकोळ डागडुजी पुरेशी.

आणि डागडुजीला तर या पैशातून दमडी नव्हती.

तोवर नळ्या मूळ मालकाने परत नेल्या होत्या, कुंड्या आपापल्या घरी गेल्या होत्या. दीरांचा फोन आला. परीक्षा संपत आल्या होत्या.

मी सेक्रेटरींना घेऊन पालिकेत गेले. सेक्रेटरी वाटेत म्हणाले, "वहिनी, बोलणं मी करतो." तिथे गेल्यावर त्यांना पाणी प्यायला जावंसं वाटलं, ते आलेच नाहीत. इंजिनीयरबाई जेवणाचा डबा उघडत होती. मी तिला म्हणाले, "बाई, आमच्या पायऱ्या समाधानकारक नाहीत."

"मी स्वतः चढले की. कठडा होता. कुंड्यासुद्धा होत्या."

"कुंड्या मागून आणलेल्या होत्या."

"आणि कठडा?"

"तोही."

तिने डब्याचं झाकण परत लावलं. "तुम्ही... पाहणीसाठी दुरुस्त्या केल्या?"

"तुम्ही येणार म्हणून आवरलं हो," मी म्हणाले. बोलता बोलता माझे कान तापले. "तुमच्या घरी कोणी येणार असेल तर तुम्ही पसारा दाखवता?"

ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. हसली असती तर मी रडले असते. ती म्हणाली, "चूक माझीही आहे, चुना ओला होता तेव्हा मला कळायला हवं होतं. पण आता शेरा बदलायचा तर हरकत घ्यावी लागेल. ज्याला खरी अडचण आहे त्याने स्वतः, जागेवर, माझ्यासमोर सांगायची. दुसऱ्याने नाही. आहे असं कोणी?"

"आहे," मी म्हणाले. आणि परत येताना सगळ्या वाटेत मला एकच प्रश्न पडला होता, की हे त्या "कोणी"ला सांगायचं कसं.

सांगितलं. सासूबाई एकदम ताठ झाल्या.

"चार लोकांत मी सांगू, मला चढता येत नाही म्हणून?"

"येत नाही ना पण."

"मला कंटाळा आलाय, असं मी सगळ्यांना सांगितलंय."

"ते कोणालाही खरं वाटलेलं नाही, आई."

"तुला काय माहीत?"

"मला तुम्ही रोज खिडकीत दिसता."

त्यांनी कात्री आपटली. "आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही मी. तुझ्या सासऱ्यांच्या पाठीमागे दोन पोरं त्या टपरीवर वाढवली. आता त्याच टपरीखाली उभी राहून सांगू, मला उचला?"

"उचला नका सांगू. पायऱ्या नीट करा, एवढंच सांगा. त्याचा कर तुम्हीही भरताय."

"नाही म्हणजे नाही."

मग मी जे बोलले ते मला स्वतःलाच टोचलं, पण दुसरा इलाजच नव्हता. "ठीक आहे," मी म्हणाले, "मग तुमची बॅग काढून ठेवते. लिफ्टमध्ये बसा आणि वर-खाली करा. बटण दाबलं की झालं. तिथे उसवायलाही काही नसेल."

दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवताना आमचे हे कधी आईकडे, कधी माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "आई, तू सांगशील तसं."

"तू गप रे," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

इंजिनीयरबाई पुन्हा पाहणीला येणार त्या सकाळी सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, केस घट्ट बांधून दारात आल्या. अख्खी गल्ली जमली होती. सेक्रेटरी दोन धट्टेकट्टे गडी आणि एक खुर्ची घेऊन तयार. "मावशी, बसा. वर अलगद नेतो."

"ती खुर्ची ठेव बाजूला. मी काय कपाट आहे?"

इंजिनीयरबाई वरून उतरत आली. या वेळी वरच्या अर्ध्या भागात तिला धरायला काही नव्हतं, म्हणून भिंत धरत धरत. सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तूच का ती? नीट बघ मग. परत परत नाही दाखवणार."

त्या वळल्या, पायऱ्यांकडे पाठ केली, आणि पहिल्या पायरीवर बसल्या. मग दोन्ही हात मागे टेकून स्वतःला वरच्या पायरीवर ओढलं. मग पुढच्या. बसून, उलट्या, सगळ्यांकडे तोंड करून. त्यांनी हे आधी करून बघितलं असावं, घरात, पलंग आणि पाटावर. कारण मला आठवलं, आदल्या दुपारी आतल्या खोलीत काहीतरी आपटत होतं आणि विचारल्यावर "झुरळ" असं उत्तर आलं होतं.

मी थापलेल्या सिमेंटच्या गोळ्यावर त्यांनी हात टेकला आणि तो गोळा सुटून गडगडत खाली आला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"थांबा मावशी," इंजिनीयरबाई म्हणाली. तिने टेप काढली होती. "ही पायरी मोजते."

"मोज. मलाही दम घ्यायचाय."

असं करत त्या चढल्या. त्यांनी एक पायरी मागे टाकायची, तिने मोजायची. मध्येच दोघींचं बोलणं चालू. "ही बघ, ही दुप्पट आहे." "हो, लिहिली." "लग्न झालं का तुझं?" "नाही मावशी, पाय इकडे घ्या." पाइपापाशी आल्यावर मात्र पाय अडकला. उचलेना. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी धावले.

"हात लावू नकोस!" त्या माझ्यावर ओरडल्या. "तू लावलास तर हरकत तुझी होईल."

त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचा पाय धरला आणि एखादं ओझं उचलावं तसा पाइपापलीकडे ठेवला.

शेवटची पायरी आली. त्या वरच्या रस्त्यावर पोचल्या, आपल्या टपरीसमोर, जमिनीवर बसलेल्या. बसथांब्यावरचे लोक बघायला लागले. त्यांनी इकडे हात टेकला, तिकडे टेकला, अंग पुढे झोकून बघितलं. धरायला काहीच नव्हतं. आम्ही सगळे खाली, पायऱ्यांवर जिथे होतो तिथे उभे.

मग सासूबाईंनी मान वर केली. आवाज नेहमीसारखाच, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा.

"मला उठता येत नाही," त्या म्हणाल्या. "पडले तेव्हापासून मी वर आलेली नाही. कंटाळा वगैरे काही नाही. मला यायचं होतं आणि येता येत नव्हतं. हे लिही. जसंच्या तसं लिही."

इंजिनीयरबाईने लिहिलं. मग टॅब पिशवीत टाकला आणि एका बाजूने तिने, दुसऱ्या बाजूने मी, त्यांना उभं केलं. आमच्या खांद्यांवरचा त्यांचा भार मला अजून आठवतो. एवढीशी बाई, पण हाडं शिशाची.

"माझ्या हातात फक्त अहवाल आहे," इंजिनीयरबाई म्हणाली. "ठरवणार समिती. पैसा तेवढाच आहे, मावशी. तुमचं काम आत आलं तर दुसरं कुठलं तरी मागे जाईल."

"कुणाचं?"

"ते बैठकीत कळेल."

"मग बैठकीला मी येणार," सासूबाई म्हणाल्या. "ज्याचं मागे जाणार त्याला माझं तोंड तरी बघू दे."

त्या दिवशी उतरताना मात्र त्या खुर्चीत बसल्या. "उतरणं हरकतीत नाही," म्हणाल्या. बैठकीच्या दिवशीही खुर्चीतूनच वर गेल्या. "एकदा दाखवलं ते पुरे. मी काय सर्कस काढलीये?"

बैठक लांबली. आमच्या पायऱ्या पहिल्या टप्प्यात आल्या आणि बाजारामागच्या वस्तीचे दिवे दुसऱ्या टप्प्यात गेले. तिथली एक भाजीवाली उठून म्हणाली, "म्हणजे आमच्या पोरींनी अजून दोन वर्षं अंधारातून यायचं?" मला तिच्याकडे बघवेना. सासूबाईंनी बघितलं. म्हणाल्या, "तुमची पुन्हा पाहणी कधी आहे? आम्ही येतो. आमची सगळी गल्ली येते. पण बयो, एक ऐक, काहीही आवरू नकोस. अंधार आहे तसा ठेव आणि पाहणीला येईल त्या साहेबाला त्यातून एकटं चालव." भाजीवाली हसली नाही, पण तिने दिवस सांगितला. आम्ही गेलो. सेक्रेटरींसकट. त्यांनी बरोबर टॉर्च आणला होता, तो मी काढून घेतला.

दीरांना सुट्टी मिळायला उशीर झाला, ते आले तेव्हा पायऱ्या अर्ध्या खणलेल्या होत्या. एका वेळी एकच बाजू खणायची, दुसरी लोकांना ठेवायची, असं काम चाललं होतं. गाडी वर लावून, धूळ चुकवत, बूट सांभाळत ते खाली आले. सासूबाई दारात स्टुलावर बसून गवंड्याला झापत होत्या.

"एकसारख्या, म्हणजे एकसारख्या! नंतर कमी-जास्त झाली तर तुझ्याकडून फोडून घेईन."

"मावशी, कागदावर आहे तेवढीच घालतोय."

"कागदाला गुडघे नसतात. मला विचार."

दीर माझ्याकडे वळले. "बॅग भरली का आईची?"

मी म्हणाले, "आईंना विचारा."

ते आईसमोर उकिडवे बसले. लहान मुलाला समजवावं तसं हळू आवाजात म्हणाले, "आई, हे व्हायला महिने लागतील. तोवर तरी चल. झालं की परत आणून सोडतो."

सासूबाईंनी त्यांच्या गालावरची धूळ बोटाने पुसली. "तू आणून सोडशील रे. पण मी तोवर बटणं दाबायला शिकलेली असेन. मग मला हे चढावंसं वाटणार नाही." मग जरा थांबून, "मला चढावंसं वाटतंय तोवर इथेच असू दे."

दीरांकडे यासाठी यंत्र नव्हतं.

तेवढ्यात गवंडी कठड्याची नळी घेऊन आला. नमुन्याला एक तुकडा. "मावशी, उंची ठरवायचीये. इंजिनीयरबाईंनी सांगितलंय, तुमच्या हाताच्या मापाने थोडं इकडे-तिकडे चालेल."

"हे धर," सासूबाई दीरांना म्हणाल्या.

दीरांनी नळीचं एक टोक धरलं, दुसरं गवंड्याने. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, आणि पायाशी ओलं सिमेंट. मी सासूबाईंना स्टुलावरून उठायला हात दिला. त्यांनी घेतला, आणि उभं राहिल्याबरोबर सोडला. त्यांनी नळीवर तळवा ठेवला, अंगाचा भार टाकून बघितला.

"जरा खाली," त्या म्हणाल्या. "अजून. एवढं नको. हां, इथे."

गवंडी पेन्सिल शोधायला खिसे चाचपू लागला. नळी जड होती.

"आई, मी सोडू का आता?"

"खूण होईपर्यंत धर," त्या म्हणाल्या. "हलू नकोस."